कैद्याच्या भाकरीचा जबाबदार कोण?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे इथले शाळकरी पोरही सांगते. पण बंदिवानाच्या ताटात काय पडते, हे कोणी विचारत नाही. आम्ही देवपूरहून पांझरा ओलांडून कोर्टात जाणारी माणसे. आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही.

युद्धकैद्यांचा एक इतिहास पाहा. इराकमधील कुट येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. उपाशी शिपायांना दगडासारखी बिस्किटे मिळाली. ती खाऊन कित्येक दगावले. मग वाळवंटातून पायपीट. खाण्यासाठी शिपायांनी अंगावरचे कपडे, पायांतले बूट विकले. वाचलेल्या अनेक हिंदी शिपायांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपले. आणि त्यांचे सेनापती टाउनशेंड? ते इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले!

म्हणजे टंचाई सर्वांना सारखी नव्हती. ती हुद्द्याच्या उतरंडीने वाटली गेली. ही उतरंड आम्हाला नवी नाही. १९२७ साली महाडचे तळे भरलेलेच होते. ओंजळ भरण्याचा हक्क तेवढा नव्हता.

पकडणाऱ्याने कैद्याला आपल्या सैनिकाइतकेच अन्न-वस्त्र द्यावे, असे हेगचे नियम कुटच्या आधीपासून सांगत होते. १९४९ च्या जिनिव्हा कराराने पुरेसे अन्न, पाणी, पांघरूण, साबणसुद्धा लिहून ठेवले. यात उपकार कसला? बंदिवान मजुरीला जाऊ शकत नाही, शेजारून उसने पीठ आणू शकत नाही. ज्याने हात बांधले, पोटाची जबाबदारी त्याचीच.

हा न्याय शत्रूच्या छावणीला लागू, तर आपल्या तुरुंगाला का नाही? तुरुंगात जातीवरून कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. संविधान लागू होऊन तोवर चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती!

निकाल कागदावर राहू द्यायचा नसेल, तर आम्ही वकिलांनी अशिलाला जामिनाची तारीख सांगून परत फिरू नये. आज काय खाल्ले, पाणी किती मिळाले, पांघरायला काय आहे, झाडू कोणाच्या हाती दिला, हेही विचारावे. आणि उत्तर लिहून न्यायाधीशांपुढे ठेवावे.