एम.एस्सी. मॅथ्स म्हणजे फक्त बी.एड.च्या आधीची पायरी नाही!

सध्या ॲडमिशनचा हंगाम आहे. "पोरगी एम.एस्सी. मॅथ्स करायचं म्हणतेय, पुढं काय स्कोप?" असं विचारणारे पालक रोज भेटतात. आपल्याकडं याचं उत्तर ठरलेलं असतं. बी.एड. करायचं, सेट-नेट द्यायची, नाहीतर एमपीएससी. आणि मुलगी असेल तर "लग्न ठरेपर्यंत शिकू दे." हे उत्तर अपुरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरोनात रोज टीव्हीवर एक आकडा सांगायचे, एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो. एकच्या वर असेल तर साथ वाढणार, खाली आला तर ओसरणार. हे गणित आलं कुठून? १९२७ साली एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेलेली. मॅकेन्ड्रिक डॉक्टर, हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत नोकरी केलेले. त्यांनी लोकांचे तीन गट केले. लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. कोण कुठल्या वेगानं एका गटातून दुसऱ्यात जातो, त्याची समीकरणं मांडली.

आणि ती ताडून बघायला आकडे कुठले घेतले? आपल्या मुंबईचे! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या आठवडावार मृत्यूंचे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळं पसरतो, त्यामुळं हा हिशेब ढोबळ आहे हे त्यांनी त्याच निबंधात सांगून ठेवलंय. पण सगळ्यांना लागण व्हायच्या आधीच साथ का थांबते, हे या गणितानं दाखवलं. म्हणजे माणसं आपली मेली, आकडे आपले, आणि शास्त्र एडिंबरोत तयार झालं.

पावसाचंही तसंच. १९०४ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आले. मूळचे केंब्रिजचे गणिती. प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो, हे त्यांनी आकडेमोडीतून शोधलं. आज आपण ज्या 'एल निनो'च्या नावानं बोटं मोडतो, त्याचा हा दुसरा अर्धा भाग.

आता आपल्या तालुक्याकडं या. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे. पीकविम्याचं भांडण त्याच्याच आकड्यांवर होतं. भूजलवाले ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजतात. मक्यावर लष्करी अळी येते, आणि तिची वाढ किती दिवसांत होणार हे साठत जाणाऱ्या उष्णतेवर ठरतं. ही सगळी गणितं आहेत. आणि त्याच गावातली पोरं वर्गात डिफरन्शिअल इक्वेशन सोडवतात ती परीक्षेपुरती! समीकरणातला 'टी' म्हणजे आपल्या पाझर तलाव आटायचा दिवस असू शकतो, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

शुद्ध गणिताला माझा विरोध नाही. पाया तोच आहे. प्राध्यापकांना दोष देऊनही भागत नाही. कितीतरी ठिकाणी तासिका तत्त्वावरची माणसं चार-चार पेपर ओढतायत. पण नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.ला ओजेटी आणि संशोधन प्रकल्प आलाय. तो ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणून उरकायचा, की तहसील, कृषी कार्यालय, ग्रामीण रुग्णालयातले आकडे घेऊन खरं काम करायचं, हे तरी आपल्या हातात आहे ना? त्याला लॅब लागत नाही. एक साधा कॉम्प्युटर आणि फुकट मिळणारं पायथन बास.

पालकांना एवढंच सांगतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्या पोरांना 'जॅम' परीक्षेचा फॉर्म भरायला लावा. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. पुण्यात पाषाणच्या एकाच रस्त्यावर आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मान्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम आहे. तिथं गणित येणारी माणसं लागतात. पीएच.डी.ला फेलोशिपही मिळते. सगळ्यांचा नंबर लागणार नाही, हे खरं. घरची ओढाताण असेल तर आधी नोकरी, हेही मला मान्य. पण दार आहे हेच माहीत नसणं, आणि दार बघून दुसरीकडं वळणं, यात फरक आहे.

आणि कॉलेजच्या संचालक मंडळींना एक विनंती. यंदा गणिताच्या विद्यार्थ्यांचा एक तरी प्रकल्प तालुक्याच्या पाण्यावर होऊ द्या. तो पुरा झाला की मी सविस्तर बातमी करतो, आणि पुढच्या टंचाई आढावा बैठकीत तो वाचला जावा म्हणून पाठपुरावाही करतो. सत्काराच्या बातम्या खूप छापून झाल्या.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी बी.एस्सी. मॅथ्स करत असेल तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. मत वेगळं असेल तर खाली लिहा, वाचतो मी.