सोपाऱ्याहून भडोचला : शरदातील एका सहलीची वकिली

आपल्या महाविद्यालयांतून सहलीचा कागद सूचनाफलकावर लागतो तो बहुधा डिसेंबरात, आणि त्यावरचा मजकूरही बहुधा ठरलेलाच असतो. आरामबस, दोन रात्री, एक थंड हवेचे ठिकाण आणि वाटेत एखादे देवस्थान. बस सुटली की पडदे ओढले जातात, गाणी लागतात, आणि महाराष्ट्र बाहेरच्या बाहेर निघून जातो. परत आल्यावर कुणी विचारले, ‘काय पाहिलेत?’ तर छायाचित्रे पुढे केली जातात. त्या छायाचित्रांत आपणच असतो, मागचा डोंगर कोणता हे सांगता येत नाही.

मित्रहो, सहल आगगाडीने काढावी, आणि ती शरदात, दिवाळीच्या सुट्टीत काढावी, असे माझे म्हणणे आहे. ते नुसते हौसेचे नाही. त्यामागे एक शिलालेख आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्यात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली, आणि इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, डाहनुका या नद्यांवर फुकट नावांची सोय केली. नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडे दिली, तीही या यादीत आहेत. नानंगोल म्हणजे आजचे नारगोळ असे मानतात. राजोडीच्या माणसाला बत्तीस हजार माड म्हणजे काय ते समजावून सांगावे लागू नये!

आता ही नावे पुन्हा एकदा सावकाश वाचा. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे, राजोडीहून सायकलने जाता येईल इतके जवळ. भरुकच्छ म्हणजे भडोच. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, डाहनुका डहाणूची, आणि तापी तर तापीच. पश्चिम रेल्वेची विरारहून उत्तरेकडे जाणारी गाडी याच पाण्यांवरून जाते. उषवदाताने जिथे नाव ठेवली, त्याच नद्यांवर १८६४ पर्यंत बी. बी. अँड सी. आय. कंपनीने रेल्वेचे पूल उभे केले. म्हणजे आपल्या दाराशी दोन हजार वर्षांची एक मळलेली वाट आहे. आपण तिच्यावरून रोज दक्षिणेकडे, चर्चगेटच्या दिशेला जातो. उत्तरेकडे फारसे पाहत नाही. पहिली लोकल १८६७ साली विरारहूनच निघाली याचा अभिमान आपल्याला आहे, पण तीही मुंबईलाच गेली होती.

माझ्या मनातली सहल अशी आहे. सुरुवात घरातच करावी, म्हणजे सोपाऱ्याच्या स्तूपापाशी. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा हा उंचवटा भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला आणि आत अवशेषांची दगडी पेटी मिळाली. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात, म्हणजे आपल्या शेजारात. आपल्यापैकी कितीजणांनी हा स्तूप पाहिला आहे? हात वर करायला लावले तर फार हात वर होतील असे मला वाटत नाही. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे सहलीला राजोडीच्या समुद्रावर येतात, आणि आपण मात्र सहल म्हटले की घाट चढायला निघतो. असो.

दुपारची गाडी धरून सुरत गाठावी. खिडकीशी बसणाऱ्याकडे एकच काम : नद्या मोजणे आणि त्यांची नावे सांगणे. शरदात हे करायचे कारण सरळ आहे. मे महिन्यात नदी म्हणजे वाळू, डिसेंबरात निम्मे पाणी. आश्विन-कार्तिकात पात्रे भरलेली, आभाळ धुतलेले आणि गवत अजून पिवळे न पडलेले असते.

सुरतेत आपण शाळेत शिकलेल्या इतिहासाची दुसरी बाजू दिसते. १६६४ आणि १६७० या दोन स्वाऱ्या आपल्याला ठाऊक असतात त्या रायगडाच्या बाजूने. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजी वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. तो १६६९ मध्ये वारला आणि त्याची घुमटांची भव्य कबर तिथल्या इंग्रजी दफनभूमीत उभी आहे. ज्याच्याविषयी फक्त परीक्षेपुरते वाचले त्याच्या थडग्यापुढे उभे राहिले, की व्यापार, तट, पैसा आणि भीती हे शब्द जरा वेगळे वाटू लागतात. काँग्रेस १९०७ साली फुटली तीही याच शहरात. सुरतेहून भडोच एका दिवसात जाऊन येता येते. नर्मदेचे पात्र पाहावे आणि ‘पेरिप्लस’मध्ये बॅरिगाझानंतर सुप्पाराचे नाव का येते, याचा तिथेच विचार करावा.

परत त्याच वाटेने येऊ नये. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून जळगावला जाणारा फाटा आहे. दिवसाची गाडी घ्यावी. सोनगड, नवापूर, नंदुरबार. पुढे खानदेशात कापूस फुटलेला असतो. नंदुरबारला १९४२ चा शिरीषकुमार, अमळनेरला साने गुरुजींची शाळा. जळगावहून मनमाड, नाशिक. नाशिकला डोंगर चढून तो लेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. अक्षरे वाचता येणार नाहीत, पण ‘शोर्पारग’ या ओळीवर कुणी बोट दाखवले तर पुरे. मग ३७ फुटांना एक फूट अशा उतरणीचा कसारा घाट दिवसाउजेडी उतरून, दिव्यावरून वसईला. सहा दिवस लागतील.

यावर आक्षेप येतील, ते खोटे नाहीत. दिवाळीच्या आसपास भाताची कापणी असते आणि वाडीत माणसे लागतात. म्हणून भाऊबीज होऊन दोन-चार दिवस गेल्यावरच निघावे. पण डिसेंबर तरी कुणाला मोकळा असतो? ख्रिस्ती घरांत तेव्हा नाताळची लगबग असते, आणि निम्मी मुले त्याच कारणाने नाव घालत नाहीत.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. आरामबसचा आकडा ऐकून जी मुले ‘मला बस लागते’ असे सांगून बाजूला होतात, त्यांना बस लागत नसते. शैक्षणिक सहलीसाठी रेल्वे विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्गात आणि शयनयानात निम्म्या भाड्याची सवलत देते. त्यासाठी प्राचार्यांचे प्रमाणपत्र लागते आणि वेळेवर हालचाल लागते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. भाऊबीजेनंतर निघायचे तर हे दिवस नेमके गणपती बसण्याच्या सुमारास येतात. आरतीच्या गडबडीत तो दिवस निसटला, की सगळ्यांना एका डब्यात जागा मिळणे कठीण. आणि एक डबा नसेल तर मुलींच्या घरून होकार येणार नाही. आईवडिलांचे त्यात काही चुकतेही आहे असे नाही.

विरारला बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहते आहे. ती धावू लागली की सुरत फार जवळ येईल, पण नदीचे नाव विचारेपर्यंत नदी मागे पडलेली असेल. तोवर साध्या गाडीची खिडकी उघडी आहे. यंदा सूचनाफलकावरचा कागद श्रावणात लागावा, आणि त्यावर दराच्या आधी नद्यांची नावे असावीत.