छप्पर घ्या, पण हिशेब आपला करा



हरितगृह उभारा, कोरडवाहूच्या फेऱ्यातून सुटाल, असे आम्हाला सांगितले जाते. दाखला वसईच्या फुलबागांचा. पण वसई तालुक्यातले गास समुद्राजवळचे. हवेत ओल आणि लोकलने दादरचा फूलबाजार गाठता येतो. आमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथला हिशेब इथे चालत नाही.

हॉलंडात काच लागते ती ऊब धरायला. आम्हाला ऊब बाहेर काढायची आहे. २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पाऊस अडवतो, पण उष्णताही कोंडतो. वर आणि बाजूंना झरोके नसतील तर पीक शिजते. पन्नास टक्क्यांची शेडनेट ऊन निम्मे करते, वारा खेळू देते. पाऊस मात्र थांबवत नाही. भाजीची रोपे करायची तर नेट पुरे. जरबेरा लावायचा असेल तरच कागदाचा विचार करावा.

अतिनील किरणांना टिकणारा कागदही ३-४ वर्षांत बदलावा लागतो. गंधकाच्या फवारणीने तो आणखी लवकर जातो. पॉलिकार्बोनेटचा पत्रा दहा वर्षे टिकतो, पण सुरुवातीलाच भांडवल गिळतो. उभारणीचे अनुदान एकदाच. कर्जाचा हप्ता दरसाल.

म्हणून नुसती किंमत विचारू नका. दर चौरस मीटरला दरसाल किती पडते, ते काढा. टिकण्याची हमी लेखी घ्या. आणि सगळ्याआधी बाजार पाहा. मालाला भाव नसेल तर कोणतेही छप्पर कर्ज झाकत नाही.