रेसिपी ढापा, पण अक्कल लावून

गेल्या मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून रावेरला गेलो होतो. ज्यांनी खान्देशातला मे पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी चालू ओव्हनचं दार उघडून त्यासमोर तोंड धरून बसावं. दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशाच एका दुपारी भाच्याने फर्मान काढलं, "मामा, पुण्याच्या कॅफेत मिळते ना, तशी कोल्ड कॉफी बनव. सेम तशी!" त्याचे दोन मित्रही येऊन बसले होते, म्हणजे प्रश्न इज्जतीचा.

आता "सेम तशी" म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा होणारच. पुण्याहून येताना मी व्हॅनिला सिरपची बाटली, चॉकलेट सॉस आणि बॅटरीवर चालणारा तो छोटा फ्रॉदर आणला होता (हो, आणला होता, हसू नका). पहिला प्रयत्न पाणचट झाला. दुसरा इतका गोड की बासुंदी बरी. तिसऱ्याला मिक्सर सुरू केला आणि लाईट गेली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय करी राह्यला रे तू तासभर?"

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी ओसरीवर टांगलेला केळीचा घड तिथे नव्हता. चांगला पिकलेला, सालीवर काळे ठिपके आलेला, अण्णांनी मुद्दाम घरासाठी ठेवलेला घड. तो आईने आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. का? तर "पोरांसमोर केळी काय ठेवायची, बरं दिसतं का?"

मंडळी, हा आख्खा लेख त्या आत नेलेल्या घडाबद्दल आहे. कॉफी निमित्तमात्र.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. कॅफेतलं पेय घरी बनवणं म्हणजे चिकूपणा, असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. "अरे, तिथे अँबियन्सचे पैसे असतात!" मान्य. मीही शनिवारी लॅपटॉप घेऊन कॅफेत बसतो. एका कॉफीवर तीन तास खुर्ची, एसी आणि चार्जिंगचा सॉकेट मिळत असेल तर अडीचशे-तीनशे रुपये हे भाडं आहे, आणि ते वाजवी आहे. पण भाडं खुर्चीचं आहे, कॉफीचं नाही. खुर्ची घरी आहेच, मग पेय घरी करण्यात लाज कसली?

बरं, ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो ते तरी कितपत ओरिजिनल? १९५७ साली ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या व्यापार प्रदर्शनात नेसकॅफेच्या एका माणसाला इन्स्टंट कॉफी प्यायची होती आणि गरम पाणी मिळेना. त्याने शेकरमध्ये कॉफी, थंड पाणी आणि बर्फ घालून जोरात हलवलं. झालं, ग्रीक फ्रापे जन्माला आला. पुढे अमेरिकेत बॉस्टनच्या 'कॉफी कनेक्शन'ने एक गार पेय काढलं आणि त्याचं नाव ठेवलं फ्रॅपुचिनो. १९९४ मध्ये स्टारबक्सने ती कंपनीच विकत घेतली आणि १९९५ पासून ते नाव स्वतःच्या मेनूवर आणलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाटांच्या भागीदारीत त्यांचं भारतातलं पहिलं दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं आणि आपण रांगा लावल्या. म्हणजे ढापाढापी, विकत घेणं, नाव बदलणं हा या पेयांचा इतिहासच आहे. तेव्हा आपण घरी ढापली तर आकाश कोसळत नाही.

आणि तो २०२० च्या लॉकडाऊनमधला दालगोनाचा ताप आठवतो का? एका कोरियन नटाने मकाऊतल्या एका दुकानात फेटलेली कॉफी प्यायली. त्याला कोरियातल्या दालगोना नावाच्या मिठाईची आठवण झाली, ते टीव्हीवर दिसलं आणि दोन-तीन महिन्यांत सगळं जग कॉफी फेटत बसलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पूर आला होता. माझ्या आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "ही तर आपली फेटलेली कॉफी!" बरोबर आहे. कॉफी पावडर, साखर आणि चमचाभर पाणी स्टीलच्या पेल्यात घालून मनगट दुखेपर्यंत फेटायचं, हे आमच्याकडे पाहुणे आले की व्हायचंच. तीच कॉफी परदेशी नाव घेऊन आली तेव्हा आपण तिचे फोटो काढले. आईने केली तेव्हा कोणी काढला होता?

माझं खरं भांडण इथे आहे. घरी कॉपी करण्याला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो "सेम तशी"ला.

कोड लिहिणाऱ्यांना हे पटकन समजेल. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातलं लॉजिक उचलणं वेगळं आणि आख्खी फाईल कट-पेस्ट करणं वेगळं. कट-पेस्ट केली की त्यांच्या सगळ्या लायब्रऱ्या आपल्या गळ्यात पडतात. "सेम तशी" कॉफी म्हणजे तेच. मग तोच सिरप हवा, तोच सॉस हवा, तसाच उंच ग्लास हवा. पैसे वाचवायला निघालेला माणूस महिनाअखेर पाच बाटल्या घेऊन बसतो, आणि वर चव "जवळजवळ तशी" एवढीच. आपल्या जिभेला आपण दुसऱ्याच्या मेनूची फुकट टेस्टर म्हणून नोकरीला लावतो.

लॉजिक उचलायचं तर आधी ते काय आहे ते बघू. कॅफेतल्या गार कॉफीत तीनच गोष्टी असतात.

पहिली, कॉफी कडक हवी. थंड पदार्थाची चव जिभेला कमी जाणवते आणि बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून गरम कॉफीला लागते त्याच्या दीडपट तरी पावडर लागते. ती आधी दोन चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची. थेट गार दुधात टाकली की गुठळ्या.

दुसरी, हवा. हलवा, फेटा किंवा मिक्सर लावा. लाईट गेल्यावर मी झाकणाच्या बरणीत घालून दोन मिनिटं हलवलं, १९५७ सारखं, आणि फेस मस्त आला. इन्स्टंट पावडरीतले घटक फेस धरून ठेवतात. फिल्टर कॉफीचा असा फेस येत नाही, तिथे उगाच मनगट मोडून घेऊ नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, दाटपणा. घरची कोल्ड कॉफी फसते ती इथेच. बर्फ एकीकडे, दूध एकीकडे, तळाशी पाणी. फ्रॅपुचिनोसारख्या पेयांत बेस म्हणून जो सिरप असतो त्यात झँथन गम नावाचा दाट करणारा पदार्थ असतो. त्याच्यामुळे बर्फ आणि दूध एकजीव राहतं.

आता हे सगळं मी रावेरमध्ये बसून शोधत होतो, हा विनोद लक्षात घ्या. ज्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत नजर जाईल तिथे केळीच केळी. ज्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मिळवण्यात याच तालुक्यातलं तांदलवाडी पुढे होतं. तिथलीच केळी २०२१ मध्ये दुबईला गेली, २२ टन. आणि मी दाटपणा शोधतोय बाटलीत!

पिकलेल्या केळ्यातल्या स्टार्चची बरीचशी साखर झालेली असते आणि पेक्टिन असतंच. त्याच्या चकत्या करून गोठवल्या आणि दुधात फिरवल्या की थेट आईस्क्रीमसारखं दाट होतं. बर्फ नको, म्हणून पाणचटपणा नाही. साखर जवळजवळ नको. सिरप तर नकोच.

दुसऱ्या दिवशी केलं. आतल्या खोलीतल्या घडातून ठिपकेवाली चार केळी आणली. (साल आधी काढायची. गोठल्यावर काढायला गेलात तर मला शिव्या द्याल.) चकत्या रात्रभर फ्रीजरमध्ये होत्याच. चार ग्लासांना चार केळी, पाऊण लिटर उकळून गार केलेलं म्हशीचं दूध, सहा छोटे चमचे कॉफी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, चिमूटभर मीठ. मिक्सर पाऊण मिनिट. लगेच प्यायचं, कारण चिरलेलं केळं हवेने काळं पडतं आणि रंग उतरतो.

भाचा म्हणाला, "सेम तशी नाहीये." मग दुसरा ग्लास मागितला.

आता हिशोब. समजा केळीला क्विंटलला हजार रुपये भाव मिळाला, तर किलोला दहा. किलोत सहा-सात केळी, म्हणजे एक केळं दीड रुपयाला. भाव पडला की त्याहून कमी. अण्णा हिरवा माल ट्रकमध्ये चढवतात, तो कुठेतरी दूर पिकवणी केंद्रात पिकतो, आणि आमच्याच गावातल्या दुकानात मात्र केळ्याचा वास दिलेलं बाटलीतलं दूध विकायला असतं. त्या बाटलीला कोणी आत नेऊन लपवत नाही. लपवलं जातं ते खरं केळं.

एका कॉफीने केळीचा भाव वाढणार नाही, एवढं मलाही कळतं. पण पाहुण्यांसमोर काय ठेवायला लाज वाटते हे तर आपल्या हातात आहे ना? आईला ती लाज कोणी शिकवली? माझ्यासारख्यांनीच. दर सुट्टीत पुण्याहून बाटल्या घेऊन येणाऱ्यांनी.

तेव्हा जरूर ढापा. पद्धत त्यांची घ्या, माल आपला वापरा. कोकणातले असाल तर कोकम आहे, नाशिकचे असाल तर द्राक्षं आहेत. आणि "सेम तशी" झाली नाही म्हणून खंत करू नका.

असो. सिरपची बाटली रावेरलाच ठेवून आलो. आई त्यात आता फोडणीचं तेल ठेवते :-)