ब्लाऊजला माप आहे, पोहण्याच्या पोशाखाला का नाही?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत मी पोहण्याच्या पोशाखाचा विषय काढला तेव्हा आमची एक जुनी कार्यकर्ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आपल्या बायका पहाटे उठून नळाला हंडे लावतात आणि तू त्यांना स्विमिंग कॉस्च्यूम कसला शिकवतेस? हे टॉवरवाल्यांचे चोचले!" सगळ्या हसल्या, मीही हसले.

घरी जाताना चिंचपोकळीच्या पुलावर थांबून चौफेर पाहिलं. गिरण्या होत्या तिथे टॉवर, आणि टॉवरच्या जाहिरातीत आधी दिसतो तो निळा तलाव. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीतला साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन वाटणीत धरली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला, आणि आपला वाटा आक्रसला. आपल्या चाळीतल्या बायका त्या तलावांच्या कडेची फरशी पुसायला जातात, पाण्यात उतरायला नाही. मग चोचले म्हणून विषय मिटवायचा, तर तो कुणाच्या सोयीचा?

आमच्यातल्या चौघीजणींनी दादरला शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावावर जायचं ठरवलं. एकीचे गुडघे दुखत होते, बाकीच्यांना नुसती हौस होती. (हौस हे कारण पुरेसं आहे, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.) सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सुताचे तंतू गाळणयंत्रात अडकतात, भिजलेली सलवार जड होऊन पायांत गुंडाळते. म्हणून पोशाख घ्यायला गेलो. दुकानात सगळे पुरुष, कपडे घालून बघायला खोली नाही. विक्रेत्यानं आमच्यातल्या एकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, "काकू, तुम्हाला डबल एक्सेल लागेल" म्हणत एक पाकीट पुढे सरकवलं, वर "उघडलं तर परत घेणार नाही" हेही ऐकवलं. तिनं निमूटपणे पैसे दिले.

तलावावर तिचे पट्टे खांद्यात रुतत होते, मागून कापड वर चढत होतं, हात उचलला की छाती बाहेर येईल अशी भीती. तासभर ती छातीवर हात बांधून पाण्यात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. सगळ्या म्हणाल्या, लाजली. अहो, लाज कसली? मुंढा चुकला होता! धड लांब आणि पोशाख आखूड होता.

खरं तर मापाची अक्कल आपल्याला कुणी शिकवायला नको. कटोरी ब्लाऊज शिवताना आपण शिंप्याकडे गळा, मुंढा, टक्स, अस्तर यांवरून किती वाद घालतो! बाही अर्ध्या इंचानं चुकली तर उसवून घेतो. तीच बाई पोहण्याच्या पोशाखापाशी मुकी होते आणि दोष स्वतःच्या पोटाला, मांड्यांना देते. ब्लाऊज अंगाला न बसला तर शिंपी चुकला, पोशाख न बसला तर मात्र आपलं अंग चुकलं!

दुकानदार सांगत नाही ते माप असं. टेप एका खांद्यावरून पुढून खाली न्या, मांड्यांमधून मागे काढा आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. छाती ३६ असलेल्या दोघींमध्ये या मापात तीन-चार इंचांचा फरक पडू शकतो, आणि पाकिटावर बहुधा तेच माप नसतं. कोरड्या अंगाला पोशाख घट्ट वाटला पाहिजे, कारण पाण्यात तो सैल पडतो. पण पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. हात वर करा, वाका, उकिडवं बसा. कापड जागचं हललं तर तो तुमचा नाही. पुढच्या बाजूला अस्तर हवंच. स्तन जड असतील तर रुंद पट्टे आणि छातीखाली इलॅस्टिक हवं. क्लोरीननं ताणाचा धागा लवकर मरतो, म्हणून जास्त पॉलिएस्टरचं कापड टिकतं. पोहून आल्यावर साध्या पाण्यातून काढा, पिळू नका, सावलीत वाळवा.

परळला टाटा हॉस्पिटल असल्यानं स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायका आपल्या ओळखीच्या असतात. आमच्यातल्या अशा एकीला शस्त्रक्रियेनंतर पोहायचं होतं. पोशाखाला आतून एक खिसा लागतो, कृत्रिम स्तन बसवायला. लालबागच्या एका शिंपीणबाईंनी तो अर्ध्या तासात शिवून दिला. एवढ्याशा खिशावाचून ती दोन वर्षं कोरडी राहिली होती.

आता संस्कृतीरक्षक विचारतील, अंग किती झाकायचं? १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या त्याची चर्चा अजून संपत नाही, म्हणून यांना आधीच सांगून ठेवते. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी किनाऱ्यावर अंग झाकणाऱ्या बुर्किनीवर बंदी घातली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या मुलींना बीच हँडबॉलमध्ये बिकिनीऐवजी चड्डी घातली म्हणून दंड झाला. एकीकडे जास्त झाकलं म्हणून शिक्षा, दुसरीकडेही जास्त झाकलं म्हणून शिक्षा, आणि आपल्याकडे कमी झाकलं म्हणून. टेप मात्र कुठेच बाईच्या हातात नाही. पोहण्याच्या जागतिक स्पर्धांत २०१० पासून बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा पोशाख मागणारी बाई मागासलेली नाही आणि आखूड घालणारी चवचाल नाही. मदनपुऱ्यातल्या मैत्रिणीला पूर्ण बाह्यांचा हवा असेल तर कापड पोहण्याचं आहे ना, एवढंच तलावानं पाहावं.

चाळीत आणखी एक अडचण आहे, वाळत घालायची. गॅलरीतल्या दोरीवर आपण ब्रा टॉवेलखाली लपवतो. मी पोशाख तसाच उघडा टाकला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मुलीचा का?" म्हटलं, "नाही, माझा." त्यांनी कापड ताणून पाहिलं, शिवण उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "काखेत कच्ची घातलीय हो, उसवेल."

पुढच्या बैठकीला त्या टेप घेऊन येणार आहेत. महापालिकेला द्यायच्या निवेदनात तीन गोष्टी टाकल्या आहेत: कोणतं कापड आणि कुठल्या लांबीचा पोशाख चालतो हे तलावाच्या दारावर मराठीत लिहा, बायकांच्या वेळेला बाई जीवरक्षक ठेवा, आणि वेगवेगळ्या मापांचे नमुने घालून बघायला एक खोली द्या. सहीला यायचं ते चिंचपोकळी स्टेशनच्या पुलाखाली नव्हे, आमच्या गॅलरीत. पावसात पूल गळतो.