रोजची चिठ्ठी

पुण्यात डेक्कन कॉलेजात एक दालन आहे. लोखंडी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत चिठ्ठ्या. सुमारे एक कोटी. संस्कृतच्या महाकोशाचं हे काम डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केलं. पुढची २५ वर्षं चाळीसेक अभ्यासक ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे जवळपास १५०० ग्रंथ वाचून शब्द टिपत राहिले. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुठे आला त्याचा संदर्भ.

हा अंक जुळवता जुळवता आम्ही एक हिशेब मांडून पाहिला. वर्षाकाठी कामाचे ३०० दिवस धरले, तर रोज माणशी तीस-पस्तीस चिठ्ठ्या पडतात. सकाळी ग्रंथ उघडायचा, संध्याकाळी खूण घालून मिटायचा. अचाट म्हणावं असं कुणी एका दिवसात काही केलेलं नाही. कोशाचा पहिला भाग छापून आला तो १९७६ साली, म्हणजे २८ वर्षांनी. पस्तीस भागांत सहा हजारांवर पानं झाली, आणि अक्षर एकच: अ. लोक हे हसत सांगतात. आम्हाला हसू येत नाही. एखादा शब्द हजारो वर्षांत अर्थ कसा बदलत गेला, हे विचारायला आज एक जागा आहे, ती या चिठ्ठ्यांमुळे. त्या लिहिणाऱ्या कित्येकांना छापील पान बघायलाही मिळालं नसेल.

हे आठवलं, कारण यंदा लेख मागायला गेलो तर अनेकांनी एकच उत्तर दिलं: “मोठं काही लिहायचंय, जरा निवांत झालो की बसतो.” त्यातल्या काहींकडून हे उत्तर आम्ही दहा वर्षं ऐकतो आहोत. फार चांगली माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरोखरच आहे. म्हणून जीव तुटतो.

याच अंकात कोकणातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं टिपण आहे. आईच्या तोंडचे शेतीचे शब्द त्या रोज दोन, फार तर तीन, वहीत उतरवतात: भाजावळ, तरवा, आवण, इरलं. आई नव्वदीला टेकलेली. कधी शब्द आठवतो, कधी नुसता हात हलतो. मग बाई हाताची ती हालचालच लिहून ठेवतात. परवा मुद्रितं तपासायला फोन केला, तेव्हा म्हणाल्या, “थोडं थांबा, आई बोलतेय.”