सहलीची तारीख ओहोटी पाहून

साकोली तालुक्यातल्या एकोडीचं मूल पाण्याला नवखं नसतं. पण ते पाणी तलावाचं, बोडीचं. समुद्र महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय हे हक्काचं ठिकाण असायचं. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि राज्यभरच्या कितीतरी मुलांना समुद्र आधी काचेतूनच भेटला.

आमचा आग्रह मात्र उघड्या किनाऱ्याचा. ओहोटीला हाजी अलीचे खडक उघडे पडतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून अशा किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातात. खडकातल्या डबक्यात एक शंख चालू लागतो. वाकून पाहावं, तर आत खेकडा! आपली सावली पडताच पाय आत ओढून गप्प. शेजारी समुद्रफूल मिटून ओला, चिकट गोळा होऊन पाण्याची वाट बघत असतं. हात लावू नये, दगड उलटू नये, एवढं मुलांना निघण्याआधीच सांगावं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर जातं. शिक्षकांनो, तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरात तिथी बघाच.